मखमली फुलांच्या चार माळा

अहो,

नववर्षाच्या म्हपूजेसाठी, म्हणजे ज्याच्या-त्याच्या देहाच्या पूजेसाठी, घरातल्या प्रत्येकाचं मंडल जमिनीवर काढून ठेवलंय. तेलाचं आहे, पाय देऊ नका. उकडलेली अंडी टोपलीखाली झाकलीत, मांजर फिरतंय.

काल तुम्ही पुन्हा बजावलंत, घर सोडून गेलेल्या पोराचं मंडल यंदा काढायचं नाही. मी बरं म्हटलं. पण मखमली फुलांच्या माळा बाजारातून तुम्हीच आणल्यात. मंडलाला एक माळ, घरात तुम्ही, मी आणि लेक रोसना, अन् माळा निघाल्या चार. मग मीही चौथं मंडल काढलं, तुमच्या शेजारी.

सुजन पोखऱ्याहून पाचच्या बसने येतोय. त्याला आणायला जातेय. आम्ही येईपर्यंत वाती लावू नका.

उतरल्याबरोबर तो विचारेल, बाबांनी बोलावलंय का. मी हो सांगणार आहे. मला खोटं पाडू नका.