थोरलीच्या नावाआधीचा शब्द

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, विद्यापीठाच्या छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी मुलीचा उल्लेखही केला नव्हता.

राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या पत्नीला द्यावे. ती एकोणीस वर्षे धाकट्याकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे राहते. तिने येथे परत यावे अशी अट नाही. विकले तरी चालेल. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो आधी बदलून घ्यावा. मी आज-उद्या करत राहिलो.

भिंग, लाल पेनांचा डबा आणि माझी नियमांची वही माझ्या जागेवर आलेल्या बाईंना द्यावी. इंग्रजी मजकुरात कोणत्या शब्दाला मोठे अक्षर द्यायचे, यावर छत्तीस वर्षे माझा शब्द शेवटचा होता. अभ्यासाच्या विषयाला लहान अक्षर, पदवीच्या पूर्ण नावाला मोठे. हुद्दा नावाआधी आला तर मोठे, नंतर आला तर लहान. एकदा कुलसचिव तावातावाने आले. "मी काय शिपाई आहे, लहान अक्षरात छापायला?" मी म्हटले, "शिपायालाही हाच नियम आहे, साहेब." अक्षरजुळणी करणारे आठवडाभर हसत होते. मलाही फार चढले होते.

वहीतला सातवा नियम असा: पदवी प्रदान होईपर्यंत ती नावाला लावू नये. बाईंनी तो पाळावा. पण मेलेल्या माणसाविषयीचे मुद्रित तपासायला आले तर आधी उठून बाहेर एक चक्कर मारून यावे.

आमच्या थोरलीने प्रबंध दिला होता. परीक्षकांचे अहवाल चांगले आले होते, तोंडी परीक्षा गुरुवारी होती. त्याआधीच्या सोमवारी सकाळी विभागाच्या जिन्यात ती कोसळली ती उठलीच नाही. विभागाने तिच्या आठवणींची इंग्रजी पुस्तिका काढली. तिच्या नावाआधी सगळीकडे 'डॉक्टर' होते. मुद्रित माझ्याच टेबलावर आले. दुसऱ्या कोणाकडे देता आले असते, दिले नाही. मी ते अकरा ठिकाणी खोडले. विभागप्रमुख म्हणाले, "राहू द्या हो, कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हटले.

विभागप्रमुखांना माझ्या मृत्यूचे कळवू नये. त्यांनी राहू द्या म्हटले हे खरे, पण एकदाच म्हटले.

पुस्तिका घरी आली. पत्नीने सगळी पाने उलटली.

"हे तुम्ही खोडलंत?"

"तसा नियम आहे."

"अहो, आपली लेक होती ती."

"म्हणूनच. लोक म्हणाले असते, बापानं फुकटात लावून दिली."

त्याच आठवड्यात तिने बॅग भरली. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होते. मला माझ्या नावाची पडली होती. मला त्याची लाज वाटते.

गेल्या वर्षी मी मरणोत्तर पदवीसाठी अर्ज केला. उत्तर आले की असा अर्ज तीन वर्षांच्या आत करायचा असतो. त्या परिपत्रकाचे मुद्रितही मीच तपासले होते.

पुस्तके, कपाट आणि बाकी जे काही निघेल ते धाकट्याला. आईला कळू न देता त्याने दर रविवारी मला फोन केला. हे मृत्युपत्र त्यानेच अमलात आणावे.

शेवटचे कलम. बँकेतल्या ठेवीतून ती पुस्तिका नव्याने छापावी. मी हयात असताना छापली तर पत्नीला वाटेल, मी बदल्यात काही मागतो आहे. म्हणून माझ्यानंतर. पहिली प्रत तिच्या हातात द्यावी. तिने उघडली नाही तर आग्रह करू नये. अकराही ठिकाणी नावाआधी 'डॉक्टर', मोठ्या अक्षराने. छापखान्यातल्या बाई खोडायला घेतील, त्यांना हे कलम दाखवावे. हे चुकीचे आहे, मला माहीत आहे. तसेच छापावे.

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार:
१. समोरचे घड्याळवाले
२. तळमजल्यावरच्या परिचारिका
दोघांनी मजकूर वाचलेला नाही. मला सही करताना पाहिले आहे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
तारीख: चोवीस सप्टेंबर