एकाच टेबलावर जेवणारे न्यायाधीश

दुखान, कतार
६ एप्रिल १९५९

प्यारे अब्बा,

सलाम. तुमचा कासम धडधाकट आहे, इथलं ऊन सोडलं तर कुणाशी वैर नाही. अम्मीचा खोकला कसा आहे?

एक भारी गोष्ट सांगतो! आमच्या तेल कंपनीतले क्लार्क जोसेफसाहेब मला इंग्रजी पुस्तक वाचून सांगतात. अमेरिकेत फार पूर्वी जॉन मार्शल नावाचा सरन्यायाधीश होता. शाळा माझ्याइतकीच थोडी, बाप घरीच शिकवायचा! त्याने सगळ्या न्यायाधीशांना एकाच खाणावळीत एकत्र ठेवलं. एका टेबलावर जेवायचं, तिथंच भांडायचं, बाहेर येताना निकाल एक. प्यायचे काय, ते विचारू नका.

मी ओरडलोच, "हा तर आपल्या निकाहातला थाळ!" इथंही आम्ही चौघं एका थाळात जेवतो. काल ड्रायव्हर मन्सूरशी माझं वाजलं, तरी जेवताना त्याने मासळीचा मोठा तुकडा माझ्याकडे सारला. खलास, भांडण संपलं!

अब्बा, दोन वाड्यांमधल्या दगडी गडग्याच्या वादावरून तुम्ही नि वलीचाचा सख्खे भाऊ असून बोलत नाही. सख्ख्या बहिणीच्या, नूरीच्या निकाहाला मला सुट्टी मिळत नाही. तुमच्या थाळाला माझी जागा रिकामी राहील. तिथं चाचांना हात धरून बसवा. गडगा कुणाचा, ते जेवण झाल्यावर बघा.

अम्मीच्या दुव्यावर हिंडणारा,
कासम