मापं तपासणाऱ्या बाई

ती. आईस,
पायांवर डोकं ठेवतो. तब्येत ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

काल साहेबांशी वाजलं. कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासणाऱ्या आमच्या बाईंना ऑटिझम आहे. गलक्यात तोंडी सांगितलेलं त्यांना झेपत नाही. आधी मीही ओरडायचो. चूक माझी होती. आता काम लिहून देतो, आणि केसाएवढा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

साहेब म्हणाले, "त्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत. काढून टाका."

"त्यांनी माप बघायचं की तुमचे डोळे?" मी म्हणालो. "मी शाळेत नाही, यंत्रावर शिकलोय. चांगलं काम ओळखतो. आधी मला काढा."

साहेब निकाल सोमवारी देणार आहेत. माफी मी मागणार नाही. घरी परत यावं लागलंच, तर ताठ मानेनं येईन.

तुझा हट्टी
थोरला