सुलभाच्या डाव्या हातातली पाटली

२ नोव्हें.
सुलभाचा डावा हात पुन्हा सुजला. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं ते त्याच बाजूचं. भाजी चिरताना दिसलं, पाटली मनगटात रुतलीय. म्हटलं, काढून ठेव.
"काहून? आईची आहे."
सासूबाईंनी शेवटच्या आजारात स्वतःच्या हातातल्या दोन्ही काढून सुलभाच्या हातात घातल्या होत्या. सासूबाईंनाही त्यांच्या आईच्याच मिळालेल्या. आत लाख, वर सोन्याचा पातळ पत्रा. घासून घासून डावीची कड ब्लेडसारखी झालीय.

४ नोव्हें.
समता कॉलोनीत डॉक्टरीणबाईंकडे. कडेनं कातडी कापलीय, भोवती लाल. "इस हाथ में खरोंच भी नहीं चाहिए. इन्फेक्शन फैला तो मुश्किल होगी. आज ही निकालिए."
साबण, तेल, दोरा. निघत नाही.
सूज परत का आली, विचारलं. बाईंनी थेट सांगितलं नाही. गोळ्या आणि स्कॅन लिहून दिलं. घरी येईपर्यंत सुलभा खिडकीबाहेर पाहत होती.

५ नोव्हें.
मुग्धाचा फोन, नवा रायपूरहून, ऑफिसातून. पोरगी आमची हिंदीतच बोलते. "मम्मी, कटवा लो ना. बाद में जुड़वा लेंगे."
"जुळत नाही बाई. आतल्या लाखेचा चुरा होते."
मग फोन माझ्याकडे. पोरगी रडून राहिली होती.
सुलभावर ओरडलो. हात जाईल तुझा, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "आईचं दुसरं काय उरलं माह्यापाशी?"  तसाच बाहेर चक्कर मारून आलो.

७ नोव्हें.
सकाळपासून ताप. बोटं निळसर. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "चला."
सोनारानं पाटलीखाली पत्र्याची पट्टी सरकवली, कातर लावली. "दीदी, हिलना मत." लाख तिच्या मांडीवर सांडली. ती एका हातानं चुरा वेचत होती.
"आईचा हात इतकाच बारीक होता," एवढंच बोलली.
तिथूनच दवाखान्यात. इंजेक्शन, सलाईन. नशीब, वेळेत आलात, म्हणाले तिथले डॉक्टर.

१० नोव्हें.
ताप उतरला. सूज तशीच.
मुग्धा आली होती. सुलभानं उजव्या हातातली पाटली काढून तिच्यापुढे धरली. "घे."
"मम्मी, अभी नहीं."
"मग कधी?"
मुग्धा पाणी आणायला आत गेली, लवकर आली नाही. मी उगाच पेपर उघडून बसलो. जाताना पोरीनं पाटली नेली नाही.

१२ नोव्हें.
स्कॅन झालं. रिपोर्ट परवा. मशीनवाल्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, काही कळलं नाही.
परतताना सुलभा म्हणाली, "त्या दुसरीची कड सोनाराकडून नीट करून घ्या. मुग्धाले लग्नात टोचाले नको."
मुग्धाचं लग्न अजून कुठंच ठरलेलं नाही.
हव, घेतो करून, म्हटलं.
"तुम्हीच जा. मी नाही येत त्या दुकानात."
उद्या जावं, की रिपोर्ट आल्यावर...