केळीच्या पाल्यातली गाडी

जळगाव,
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
प्रशीलचा मनापासून जयभीम.

प्राचीने आमच्या गाड्या पोचवणाऱ्या कंपनीच्या गोदामात तिची नवी गाडी आणून लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ती रिक्षाने स्टेशनकडे निघून गेली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. जाताना म्हणाली, कोइमतूरला नोकरीवर हजर होतेय, मागून गाडी तूच पाठव, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नको. अक्का, याचा अर्थ काय होतो तूच सांग!

फोनवर मी ओरडतो, तू ठेवून देतेस आणि पत्र लिही म्हणतेस. घे, लिहितोय.

आमच्या कंपनीची रीत म्हणजे गाडी ट्रेलरवर चढवायची, चाकांना पट्टे, टाकीत जेमतेम पेट्रोल, आत सामान काही नाही. पण ट्रेलरवरून गाडी जाते, मी जात नाही. म्हणून ठरवलंय, पुढच्या बुधवारी मीच चालवत नेणार. मालक झुलालशेठ नाही म्हणाले, तर त्यांनाही चार शब्द ऐकवले. नोकरी गेली तर गेली. सारखा कव्हर उचलून गाडी बघतो. आत नव्या प्लास्टिकचाच वास आहे, तिचा नाही, तरी बघतो.

भाऊजींना यातलं काही सांगू नको. माझ्या भाच्याला, तेजसला पापा. तुझी माया असू दे, बाकी कुणाची नसली तरी चालेल.

तुझा भाऊ,
प्रशील


धुळे,
६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रशील यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कॉलेज सोडल्यावर अक्षर सुधारलं, एवढा तरी फायदा झाला म्हणायचा. भाऊजींना मी सांगितलं नाही, पाकीट त्यांनीच फोडलं. वाटेत टायर पंक्चर झाला तर साहेब उतरून टायरशीही भांडणार का, असं विचारत होते. मी हसले, मग मला रडूच आलं.

तुला सांगणार नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी प्राची माझ्याकडे आली होती. पोहे केले, तर नुसते चिवडत बसली. म्हणाली, गाडी प्रशीलच्या हाती देतेय, कारण तो जिवापाड जपेल. पण त्याने सोबत येऊ नये. आला तर परत जा म्हणवणार नाही तिला. वर्गात कुणी तिला वेडंवाकडं बोललं, तू त्याचं नाक फोडलंस आणि कॉलेज सोडून आलास. तेव्हापासून लोक म्हणतात, प्राचीमुळे पोराचं वाटोळं झालं. आणि तूही तसंच सांगत फिरतोस. ते ओझं घेऊन तिला पुढे जाता येत नाही रे. तुझ्यावर जीव नाही असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. पोह्यांची बशी मात्र तशीच राहिली.

आणि तिचे वडील नवलनाना? चोपड्याला त्यांच्या घरात आपलं आडनाव निघालं की येणारा चहा मागे फिरतो. तू गाडी घेऊन पसार झालास तर ते जाब तिलाच विचारतील.

वेळेवर जेवत जा. राग आला की मला लिही, शेठना नको. अक्काला विसरू नको, एवढंच मागणं.

तुझी,
सविताअक्का


जळगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
जयभीम.

तुझं पत्र वाचून फाडलं, मग बसून चिकटवलं. इतके दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. काल रात्रीपर्यंत गाडी घेऊन निघायचंच होतं.

आज सकाळी गोदामात आलो तर गाडी दिसेना. तिच्या जागी हिरवा ढीग! नवलनाना चोपड्याहून छोटा हत्ती टेम्पो भरून केळीचा पाला घेऊन आले होते. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाला, वरून काथ्याच्या दोऱ्या, बंपरला गाठी. म्हणाले, बठ्ठा माल, असतील तेवढे घड, आम्ही दिल्लीपर्यंत असाच धाडतो, एका घडाला डाग पडत नाही. माझं डोकंच फिरलं. पाल्यातली माती वाटभर घासत राहिली तर कोइमतूरला गाडी नाही, ओरखडे उतरतील, असं सगळ्यांसमोर ओरडलो.

नाना खाली बसून दोऱ्या सोडायला लागले. गाठी सुटेनात. अक्का, एकेक पान त्यांनी गळ्यातल्या रुमालाने पुसून लावलं होतं. रुमाल पार मळला होता. मग मीही शेजारी बसलो. दोघांनी मिळून गाडी सोलली, धुतली, चारी बाजूंनी फोटो काढले. कुठे ओरखडा नव्हता.

तेव्हा नाना भिंतीकडे बघत म्हणाले, ट्रेलरवर माझा भरवसा नाही, तूच चालवत घेऊन जा, आणि पोरगी नीट जेवते का तेवढं बघून ये. झुलालशेठनीही मान हलवली. ज्यासाठी मी सगळ्यांशी भांडलो, ते त्यांनी आपणहून पुढे केलं. माझ्या ओठांवर हो आलं होतं.

मी म्हणालो, नाही नाना. गाडी ट्रेलरनेच जाईल. प्राचीने तसंच सांगितलंय. का, ते त्यांनी विचारलं नाही. जाताना पाठीवर हात ठेवला, ओला होता.

आता तुझा लोभ थोडा जास्त लागेल, हात आखडू नको. एक तेवढं सांगतो आणि थांबतो.

गाडी मीच वर चढवली. सीट तिच्या उंचीला लावलेली. मी मागे सरकवली नाही. गुडघे स्टिअरिंगला घासत तसाच फळीवरून वर गेलो. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. खालून पट्टे आवळल्याचा आवाज आला, ट्रेलरवाला हाका मारायला लागला. समोरच्या काचेतून महामार्ग लांबवर दिसत होता. थोडं बसलो. मग अंग चोरून बाहेर आलो आणि दार लावलं.

तुझा,
प्रशील