खुणेचे दोरे

४ ऑगस्ट, सोमवार

आली एकदाची! दारातून वाकून आत आली, इतकी उंच. सोळा वर्षांची पोर, पण माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देईल एवढी. तिचं खरं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. मी मनात दुसरं ठेवून टाकलं — शिडी.

हे सगळं आमच्या ह्यांचं. शाळेची व्हॅन चालवतात, तर मॅडमना शब्द देऊन बसले — परदेशातून मुलगी शिकायला येतेय ना, राहू दे वर्षभर आमच्याकडे. लेकीच्या वर्गात, लेकीच्याच खोलीत. मला कधी विचारलं? मॅडम घर बघायला आल्या तेव्हा!

वर ताकीद. आवाज चढवायचा नाही, तिला काम सांगायचं नाही, पाहुणी आहे, शाळेच्या नावाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, मग मीच जाते कुठेतरी वर्षभर राहायला.

घराला लागूनच माझी लाँड्री, तिथे दिवसभर तोंड चालतं माझं. ते आता घरात शिवलेलं. म्हणून हे लिहिणं. अक्षर कोंबडीचे पाय, पण वाचणार कोण आहे!

६ ऑगस्ट, बुधवार

पाणी दिलं — थँक्यू. टॉवेल दिला — थँक्यू. चहाचा कप पुढे सरकवला — थँक्यू. हॉटेल काढल्यासारखं वाटायला लागलंय मला.

९ ऑगस्ट, शनिवार

जेवून उठली आणि ताट धुवायला निघाली. मी हातातून काढून घेतलं. मग केर काढायला गेली, तर ह्यांनी झाडू काढून घेतला. मग लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. बस म्हटलं खुर्चीवर. बसली. गुडघे हनुवटीला लागत होते. मी इस्त्री फिरवतेय आणि ती बघतेय, मी घडी घालतेय आणि ती बघतेय. कुणी असं टक लावून बघितलं की मला धड घडीसुद्धा जमत नाही. शेवटी गोड आवाज काढून म्हटलं, जा, आराम कर. तो आवाज माझा मलाच ओळखू येईना.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लेकीकडून कळलं. मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी शिडीभोवती गोळा होतात. तुमच्याकडे थंडी असते का, तुला कुत्रा आहे का, हे खातेस का, ते खातेस का. रोज तेच. फोटो काढतात आणि जातात आपापल्या घोळक्यात. ही डबा हातात धरून कुठे बसायचं ते बघत उभी. मी विचारलं, आणि तू काय करत होतीस गं? म्हणाली, मी माझ्या मैत्रिणींत होते.

शाबास.

१६ ऑगस्ट, शनिवार

नळ सोडून न्हाणीघरात रडते ही पोर. मशीनला पाणी येईना म्हणून दार ठोकणार होते, तेवढ्यात आवाज आला. हे म्हणतात, घरची आठवण येत असेल, लक्ष देऊ नकोस. लक्ष कसं देऊ नको? कपडे भिजवले, पिळले, वाळत घातले, ओले असतानाच काढले, परत घातले. एका जागी बसवत नव्हतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार



दुपारी दाढ काढायला गेले होते. परत येऊन बघते तर शिडी लाँड्रीत, माझ्या टेबलापाशी. वाळलेले सगळे कपडे घडी घालून रचलेले, दुकानात मांडतात तसे. आणि बाजूला दोऱ्यांचा ढीग! लाल, हिरवे, काळे, पिवळे. हातात माझी कात्री. तोंडभर हसू — बघा, कसं नीट केलं!

माझ्या खुणा होत्या त्या! प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला काजात, नाहीतर कडेला दोरा बांधते मी. डॉक्टरीणबाईंचा लाल, बँकवाल्याचा काळा, मास्तरांचा काळाच पण दोन गाठींचा. गठ्ठा ज्याच्या त्याच्या हातात पडेपर्यंत दोरा सोडायचा नाही. नावं कोण लिहीत बसणार? तिला वाटलं, सुटलेले धागे आहेत, कपडे गबाळे दिसतात. एकेक शोधून कापला. एकही सुटला नाही.

गाल सुजलेला, तोंडात कापूस. तो थुंकला आणि इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर काढलं. अक्कल कुठे ठेवून आलीस, विमानात? विचारायला तोंड नव्हतं? उद्या लोकांना अंगात काय घालायला देऊ, तुझे थँक्यू? लेक मध्ये पडली, तिला सगळं कळत नाही म्हणाली. मी म्हटलं, मग तू समजावून सांग! सांगितलं तिनं, शब्द न शब्द.

शिडी ताठ उभी होती. रडली नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळी गिऱ्हाइकांची झुंबड. मी शिडीला दारात उभं केलं — घोळ तू घातलास, तूच निस्तर. एकेक कपडा हात वर करून धरायचा, ज्याचा असेल त्यानं न्यायचा. उंचीचा काहीतरी उपयोग झाला! बँकवाला म्हणे, पांढरे सगळे माझे. मास्तर म्हणे, माझेही पांढरेच. शेवटी रस्त्यातच अंगावर चढवून बघितले दोघांनी. डॉक्टरीणबाई आणि शेजारीण एका चादरीवरून हमरीतुमरीवर आल्या. निघाली माझीच. आणि शिडीनं एक पट्ट्यापट्ट्यांची चड्डी झेंड्यासारखी वर धरली, तेव्हा सगळा रस्ता हसला. मालक काही पुढे येईना. अजून इथेच पडलीय.

हसले मीही. गाल ठणकला.

२३ ऑगस्ट, शनिवार

ह्यांनी आज सुनावलं. पोर परक्या घरात आहे, एवढं बोलतात का म्हणे. मी म्हटलं, लेकीला याच्या दुप्पट बोलते.

"लेक तुझी आहे."

 मी उठून ताटं वाढायला घेतली.

२५ ऑगस्ट, सोमवार

शिडी शाळेतून आली ती दप्तर टाकून सरळ लाँड्रीत. मी बोलावलं नव्हतं. म्हटलं, आलीच आहेस तर बांध दोरे. गाठ चुकली. अशी नाही गं बाई, अशी! परत चुकली. हातावर एक चापट दिली. ह्यांनी बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण नंतर जमली. चांगली घट्ट बांधते, लेकीपेक्षा बरी.

आज थँक्यू म्हणाली नाही. चहा दिला, घेतला, प्यायली. रुसलीय.

२७ ऑगस्ट, बुधवार

मॅडमचा फोन आला ह्यांना. शिडीला दुसरं घर मिळालंय. मोठं, तिला स्वतंत्र खोली. शनिवारी न्यायला येतायत. फोन ठेवला आणि हे माझ्याकडे बघत राहिले.

"झालं तुझ्या मनासारखं?"

झालं म्हटलं. कटकट गेली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

एक शर्ट करपवला. इतक्या वर्षांत नाही झालं ते आज झालं. लेकीला आडून विचारलं, शिडी काय म्हणते? म्हणाली, मला काही सांगत नाही, बॅग भरतेय.

भरू दे. थांब म्हणायला मी कोण? आणि थांबेल कशाला ती? तिकडे खोली आहे, गोड बोलणारी बाई असेल.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पोरींच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. शिडी एकटीच होती आत. आत जायचं आणि सांगून टाकायचं, एवढंच होतं. आतून म्हणाली, काकू? मी म्हटलं, धुवायचं काही असेल तर टाक बाहेर. आणि आले परत! तोंड नको तेव्हा सुटतं, हवं तेव्हा दातखीळ बसते.

३० ऑगस्ट, शनिवार

मॅडम आल्या. बसायच्या आतच मी म्हटलं, मी बोलले म्हणून नेताय ना तिला? मग मला बोला काय ते, पोरीला कशाला घर बदलायला लावता.

मॅडम बघतच राहिल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. शिडीनं एक अक्षर सांगितलेलं नाही! घर बदलून द्या असं ती म्हणाली होती खरं — पण दुसऱ्याच आठवड्यात. इथे मला कुणी काही करू देत नाही, सगळे जपून जपून बोलतात, म्हणून. तेव्हा जागा नव्हती, ती आत्ता मिळाली. आणि काल शाळेत येऊन म्हणते, आता मला जायचं नाही. पण काकू ठेवतील की नाही, माहीत नाही.

हे माझ्याकडे बघायला लागले. लेकही. शिडी दाराच्या मधोमध बॅग धरून उभी.

मी म्हटलं, "ती बॅग आधी वाटेतून उचल. कुणीतरी अडखळून पडेल."

उचलली. आत घेऊन गेली.