अजून एक पायरी, मोझेल

चिरंजीव (वयाने थोरला असलास तरी अकलेने धाकटाच) लुशियस यास, पिट्सबर्गहून एझेलची कडकडून मिठी.

नवा गुडघा काय म्हणतो? तुझी लोरेटा फोनवर रडकुंडीला आली होती. "डॉक्टर चाला म्हणतात, आणि बाबा जेवायलासुद्धा खुर्चीतून उठत नाहीत, एझेलकाका!" मी म्हटलं, अगं, तो पहिल्यापासूनच जडशीळ. असो. पत्रास कारण विशेष काही नाही. माझी फजिती वाचून हसशील, तेवढाच पोटाला व्यायाम.

आमच्या चर्चच्या तळघरात म्हाताऱ्यांचा व्यायामवर्ग भरतो. (मी डॉक्टरांच्या धाकाने जातो. वर्गानंतरचा गरम, गोड पीच कॉब्लर खायला जातो असं वर्गातली व्हर्नेल प्रुइट सांगत फिरते, तिकडे लक्ष देऊ नकोस.) शिकवणारी डनीन पोरगी गुणी, पण तिची गाणी म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या गारा. मी फुशारकीने म्हणालो, गाणी मी आणतो. रेडिओवर वाजून वाजून झिजलेली कुणीही आणेल. मी आणणार तबकडीच्या उलट्या बाजूची, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून कुणी चुकूनही न लावलेली. हात फिरवायला 'इस्त्रीचा शर्ट', कंबर वळवायला 'शेवटची बस, शर्लीन', आणि पायरी चढ-उतार करायला (लाजू नकोस) आपल्याच चौकडीचं 'अजून एक पायरी, मोझेल'. जगात हे गाणं चौघांनाच ठाऊक होतं, ते चौघे आपणच. रूफस आणि एल्टन गेल्यापासून दोघांनाच.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथलं अंगण खरोखरच हलतं. लाकडी जमीन; मंडळींनी पाय आपटले की माझा रेकॉर्ड प्लेअर बेडकासारखा उड्या मारी. मी जुनी युक्ती केली, सुई उडू नये म्हणून तिच्या दांडीवर एक सेंटचं नाणं ठेवलं. दोन गाणी निभावली. मोझेलच्या वेळी वाटलं, आपल्या गाण्याला एका सेंटचं वजन शोभत नाही, म्हणून पाव डॉलर ठेवला. (गर्वाचं घर खाली असतं, पण जाताना सुईलाही घेऊन जातं हे नव्हतं ठाऊक.) सुई खाचेत रुतली. तुझा आवाज "अजून एक पायरी, अजून एक पायरी" घोकतोय, मागे माझं "डुम डुम", डबक्यात बसलेल्या म्हशीसारखं. मंडळी शिस्तीची; गाणं सांगतंय म्हणून चढताहेत, उतरताहेत, पुन्हा चढताहेत. सुई उचलायला मी जावं, तर मीच पायरीवर लटपटत उभा. व्हर्नेल ओरडली, "अरे एझेल, ही मोझेल राहते तरी कितव्या मजल्यावर? स्वर्गात?" शेवटी डनीनने वायर उपटली. तबकडीचा टवका उडाला होता, गाणं संपलं.

आता चपला खाणार असं धरून मी मान खाली घातली. तर व्हर्नेलच घाम पुसत म्हणाली, "मेल्या, पण ती दार उघडते का नाही?" मी पुढचं म्हणायला गेलो आणि लक्षात आलं, मला फक्त डुम डुम येतं. पुढचे शब्द सगळे तुझे. मी दोनदा डुम डुम केलं. तेव्हापासून मोझेलचं दार उघडेपर्यंत माझा कॉब्लर बंद आहे.

लोरेटाला आशीर्वाद.

तुझा मागचा आवाज,
एझेल

ता. क. ईस्टरनंतरच्या शनिवारी वर्गाचं संमेलन आहे. लुशियस येऊन अख्खं गाणं म्हणेल, असं मी सगळ्यांसमोर कबूल करून बसलोय. उभं राहूनच म्हणावं लागेल. बसून तुझा वरचा सूर लागत नाही, हे लोरेटाला नसलं तरी मला ठाऊक आहे. तळघराला पायऱ्या आहेत. तू एकेक उतर, मी खालून डुम डुम करीन. आजपासून खुर्चीपासून दारापर्यंत सराव सुरू कर.

आणखी एक ता. क. टवका उडाला ही माझी थाप; तबकडीला ओरखडासुद्धा नाही. माझ्या उशीखाली आहे. व्हर्नेलला सांगू नकोस. तिला दार उघडलेलं ऐकायचंय ते तुझ्या तोंडून, आणि मलाही.